ओव्हरराइड झालंय का नुसतं हाइड झालंय, कसं ओळखायचं

सी शार्पमध्ये चाइल्ड क्लासमध्ये बेस क्लासच्याच नावाची मेथड लिहिली, कोड कंपाइल झाला, रन पण झाला आणि तरी उत्तर जुनंच येतंय, तर बहुतेक वेळा ती मेथड ओव्हरराइड झालेलीच नसते, हाइड झालेली असते, म्हणजे तिने बेसच्या मेथडची जागा घेतलेली नसते, फक्त तिला झाकलेलं असतं.

समजा बिल नावाचा क्लास आहे, त्यातली एकूण() मेथड १००० देते. त्याच्यावरून जीएसटीबिल बनवला, त्यात पण एकूण(), ती १८ टक्के लावून ११८० देते. आता लिहा बिल ब = न्यू जीएसटीबिल(); आणि ब.एकूण() प्रिंट करा. १००० येणार! ऑब्जेक्ट जीएसटीवालाच आहे, पण व्हेरिएबलचा टाइप बिल आहे ना, आणि मेथड व्हर्च्युअल (म्हणजे चाइल्डला ओव्हरराइड करता येईल अशी) नाही म्हटल्यावर कंपायलर टाइप बघून तिथल्या तिथे ठरवून टाकतो कुठली चालवायची, रनटाइमला ऑब्जेक्टला कोणी विचारतच नाही. व्हेरिएबल जीएसटीबिल टाइपचं करा, लगेच ११८०. बिल टाइपच्या लिस्टवर लूप फिरवून बेरीज काढत असाल तर सगळा टॅक्स गायब, आणि एरर एक नाही.

उपाय सोपा आहे, बेसमध्ये व्हर्च्युअल आणि चाइल्डमध्ये ओव्हरराइड, दोन्ही लागतात. नुसतं चाइल्डमध्ये ओव्हरराइड टाकलं तर कंपायलर एरर देतो, ते एका अर्थी बरंच. पण बेसला व्हर्च्युअल लावलं आणि चाइल्डमध्ये विसरलात तर फक्त वॉर्निंग, सीएस०११४, आणि परत हाइडिंगच.

वरच्या उदाहरणात सीएस०१०८ ही वॉर्निंग येते. त्यात मुद्दाम हाइड करायचं असेल तर न्यू कीवर्ड वापरा असं लिहिलेलं असतं, लोक अर्धवट वाचतात आणि न्यू टाकून मोकळे होतात. त्याने वॉर्निंग जाते, उत्तर तेच राहतं. न्यूचा खरा उपयोग म्हणजे बेस क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतला असतो, पुढच्या व्हर्जनमध्ये ते नेमकी तुमच्याच नावाची मेथड आणतात आणि तुमचीचं काम वेगळं असतं, तेव्हा.

जावात उलटं आहे, साध्या मेथड आपोआप ओव्हरराइड होतात, स्टॅटिक (ऑब्जेक्टच्या नाही, क्लासच्या) मात्र हाइड होतात. म्हणून तिथे मेथडच्या वर ॲट ओव्हरराइड (@Override) ही खूण लिहायची सवय ठेवा, स्टॅटिकवर लावलं किंवा पॅरामीटर चुकला तर कंपायलर तिथेच अडवतो. फील्डला (क्लासमधल्या व्हेरिएबलला) ते लावताच येत नाही आणि फील्ड कायम हाइडच होतात, त्यामुळे चाइल्डमध्ये त्याच नावाचं फील्ड परत लिहू नका.