तिप्पट मोठं डोकं: बघणारा अवघडून जाईल असं शिल्प घडवताना

शिल्पकार रॉन म्यूकचा ‘बॉय’ हा मुलाचा पुतळा उकिडवा बसूनही जवळजवळ 5 मीटर उंच आहे. डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या आरोस संग्रहालयात तो आहे. म्यूकचंच ‘डेड डॅड’ (1996-97) हे मेलेल्या वडिलांचं शिल्प खऱ्या माणसाच्या दोन तृतीयांश मापाचं. दोन्हींपुढे माणूस सारखाच अवघडतो. कातडी, नखं, केस सगळं खरं आणि माप तेवढं खोटं, म्हणून. तेव्हा आधी माप ठरवा. माणसाच्या मापाचं केलं तर मेणाचा पुतळा होतो, सव्वापट केलं तर नुसतंच चुकल्यासारखं वाटतं. सुरुवातीला तिप्पट डोकं बरं: हनुवटीपासून टाळूपर्यंत 68 ते 70 सेंमी.

उंची तिप्पट झाली की पृष्ठभाग नऊपट होतो आणि आकारमान सत्तावीसपट. भरीव माती लावली तर ती दीडशे-दोनशे किलोंच्या घरात जाते आणि रात्रीतून गाल खाली बसतो. म्हणून जाड प्लायवर लोखंडी पाइप पक्का करा, त्यावर थर्माकोलचा गाभा, वरून जाळी. माती 5-6 सेंमीच लावा. वजन निम्म्यावर येतं. हनुवटी आणि नाकाखाली, मातीच्या आत, तारेने लाकडाचे तुकडे लटकवा, माती तिथेच आधी सुटते.

डोळ्यांत कसूर नको. नेत्रगोल 24 मिमीचा असतो, तो 72 होईल. बुबुळ 12 चं 36. बुबुळ सपाट रंगवून त्यावर पारदर्शक रेझिनचा घुमट बसवा, नाहीतर नजर मेलेली दिसते. नजर बघणाऱ्याच्या खांद्याशेजारून जाऊ द्या. ती थेट भिडली की पुतळा पोस्टरसारखा वाटू लागतो.

मातीचं डोकं पूर्ण झालं की त्याचा साचा घ्या आणि त्यात ओता: चेहऱ्याला 8-10 मिमी सिलिकॉन, आत फायबरचं (काचतंतू आणि रेझिनचं) कवच. प्लॅटिनम सिलिकॉन घेणार असाल तर गंधक असलेलं प्लॅस्टिसिन (न वाळणारी तेलकट माती) टाळा; त्याच्या संपर्कात सिलिकॉन चिकट राहतं, घट्टच होत नाही. फायबरसाठी चौरस मीटरला 300 ग्रॅमची काचतंतूंची मॅट, तीन थर, हार्डनर रेझिनच्या 1 ते 1.5 टक्के. मे महिन्यात प्रमाण 1 टक्क्याजवळच ठेवा, नाहीतर डब्यातच दगड होतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळा, मग हार्डनर. मास्क आणि हवेशीर जागा हवीच.

सिलिकॉनवर सिलिकॉनचाच रंग धरतो. एकच जाड गुलाबी थर दिला तर बाहुली होते. पातळ थर द्या: आधी निळसर शिरा, मग लालसर डाग, शेवटी कातडीचा रंग. माणसाचा केस साधारण 0.07 मिमी जाड, या मापाला तो लव वाटतो. 0.2 मिमीचा नायलॉनचा धागा किंवा घोड्याच्या शेपटीचा केस एकेक करून सुईने तिरका खोवा. भुवया दोन्हीकडे सारख्या झाल्या तर काही केस उपटा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की सगळंच विगसारखं दिसतं.

उंच सभागृहात तिप्पट डोकंही लहान होतं. बुटक्या छताची खोली घ्या आणि प्रकाश एका बाजूने वरून सोडा. समोरून दिलेला सुरकुत्या पुसतो. मग दोन फोटो काढा. एकट्या डोक्याच्या फोटोत ते साधं, खरं डोकं वाटायला हवं, आणि शेजारी कुणी उभं राहिलेल्या फोटोत पोटात गोळा यायला हवा. पहिल्यातच ते राक्षसी दिसलं तर बहुधा त्वचेची छिद्रं मोठी झाली आहेत. ती तिप्पट नको, दुपटीच्या आसपास पुरे.