तोंडी परीक्षेत मुलं गप्प होऊ नयेत म्हणून

वर्गात नीट बोलणारी मुलगी परीक्षकासमोर बसली की तिच्या घशाला कोरड पडते. शिक्षक म्हणतात, शब्दसंग्रह कमी पडला. बहुतेक वेळा तसं नसतं. खोलीत काय घडणार हे तिला ठाऊक नसतं आणि मधेच अडकलं तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी वर्गात शिकवता येतात. नागपुरात बारावीच्या इंग्रजी तोंडीला बसणारी, आयेल्ट्स ही परदेशी शिक्षण-नोकरीसाठीची इंग्रजी परीक्षा देणारी किंवा जर्मन-फ्रेंच शिकणारी मुलं हाताखाली असतील, तर शेवटचे तीन-चार आठवडे नव्या धड्यांऐवजी यासाठी ठेवा.

आधी साचा दाखवा

परीक्षेचा क्रम मिनिटांसकट फळ्यावर लिहा. आयेल्ट्सची तोंडी ११ ते १४ मिनिटांची असते. आधी ४-५ मिनिटं ओळखीचे प्रश्न. मग विषय लिहिलेलं एक कार्ड, तयारीला १ मिनिट आणि त्यावर १ ते २ मिनिटं सलग बोलणं. शेवटी ४-५ मिनिटं चर्चा. दोन मिनिटं झाली की परीक्षक वाक्य अर्धवट असतानाही थांबवतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलाला वाटतं आपलं चुकलं, आणि त्याचा पुढचा सगळा भाग ढासळतो. परीक्षक मान डोलवत नाही, 'छान' म्हणत नाही, मधे काहीतरी लिहितो. हे त्याच्या कामाचा भाग आहे, नापसंती नव्हे. सरावात तुम्हीही तसाच कोरा चेहरा ठेवा, म्हणजे त्याची सवय होईल.

गुण कशाचे हेही उघड करा. आयेल्ट्समध्ये ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारही बाबींना सारखंच वजन आहे. एक काळ चुकला म्हणून सगळं गेलं असं होत नाही. चूक लक्षात आली तर एकदा दुरुस्त करून पुढे जावं. प्रत्येक वाक्य तीनदा मागे घेतलं तर ओघाचे गुण जातात.

अडकल्यावर तोंडात काय असावं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नागपुरात माणूस दिवसभर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत येजा करतो. त्यामुळे शब्द सापडला नाही की तोंडातून आपसूक 'मतलब' किंवा 'ते हे' निघतं. ते निघालं की आपण चुकलो म्हणून मूल आणखी घाबरतं. ही सवय रागावून जात नाही, त्या जागी दुसरा शब्द बसवावा लागतो. इंग्रजीत 'लेट मी थिंक', जर्मनमध्ये 'मोमेंट, बिटं', फ्रेंचमध्ये 'आलोर'. त्यासोबत प्रश्न पुन्हा विचारायला लावणारं एक वाक्य हवं: 'कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?', 'नोख आइनमाल, बिटं', 'पुव्हे-व्हू रेपेते, सिल व्हू प्ले?' एका विद्यार्थ्याला तीनच वाक्यं द्या. दहा दिली तर ऐन वेळी एकही आठवत नाही.

सराव असा घ्या. रोज पाच मिनिटं मुद्दाम अवघड किंवा अस्पष्ट प्रश्न विचारा. उत्तर अपेक्षित नाही, प्रश्न पुन्हा मागणं अपेक्षित आहे. दुसऱ्या खेळात मुलाला नेमका शब्द माहीत नसलेली वस्तू दाखवा, झारा किंवा खलबत्ता, आणि ती कशासाठी वापरतात ते सांगायला लावा. शब्द नसला तरी बोलणं पुढे सरकतं, हा विश्वास इथूनच येतो.

पाठ केलेली उत्तरं बंद करा. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते, आणि परीक्षकाने प्रश्न थोडा फिरवला की तयार उत्तर निरुपयोगी ठरतं. त्याऐवजी एका विषयाला पाच सुटे शब्द लिहायला सांगा. ते परीक्षेच्या भाषेतच हवेत. मराठीत टिपलं तर मूल बोलताना भाषांतर करत बसतं आणि वेळ जातो.

जर्मनच्या ए-१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेत स्वतःची ओळख देताना नावाची अक्षरं आणि एखादा आकडा सांगावा लागतो. मुलं इथे हमखास इंग्रजी अक्षरं म्हणतात. वानखेडे आडनावाचं पहिलं अक्षर तिथे 'वे' होतं, जोशींचं 'योट'. प्रत्येकाने आपलं नाव, मोबाइल नंबर आणि ४४० ने सुरू होणारा पिनकोड रोज एकदा मोठ्याने म्हणावा.

नकली परीक्षा

पायरीपायरीने चढवा: आधी जोडीत, मग तिसरा ऐकत असताना, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून, शेवटी अनोळखी परीक्षकासमोर. शेवटच्या पायरीला दुसऱ्या बॅचचे शिक्षक बोलवा. स्वतःच्या शिक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखायची मुलांना सवय झालेली असते. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद ठेवा, नाहीतर नंतर काहीच ऐकू येत नाही. पण एक फेरी कूलर चालू ठेवून घ्या, म्हणजे हळू बोलणारी मुलं आवाज उंचावतील.

बोलताना मधे टोकू नका. संपल्यावर जमलेल्या दोन गोष्टी आणि सुधारायच्या जास्तीत जास्त तीन सांगा. जर्मन परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी-१ (मधली पातळी) सारखी जोडीची परीक्षा असेल तर जोडीदार गप्प झाल्यावर त्याला सोपा प्रश्न विचारायलाही शिकवा. त्याने दोघांचंही बोलणं सावरतं.

त्या दिवशी

परीक्षा पुण्या-मुंबईत असेल तर रात्रीच्या गाडीने उतरून थेट केंद्रावर जाऊ नये, आदल्या दिवशी पोहोचावं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आणि अर्धा तास हाताशी हवा.

बाहेर थांबलेली मुलं मराठीत गप्पा मारतात किंवा शब्दांच्या याद्या चाळतात, आणि आत गेल्यावर पहिलंच वाक्य अडतं. त्याऐवजी शेवटची पंधरा मिनिटं हळू आवाजात परीक्षेच्या भाषेतच बोलावं, अगदी समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दलही चालेल. छाती धडधडत असेल तर चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच-सहा वेळा.

बाहेर आलेल्याला लगेच 'काय काय विचारलं?' म्हणून घेरू नका. पुढचा पेपर त्याच दिवशी असेल तर आधी काहीतरी खाऊ द्या.