पुराची रेघ पाणसळीत हवी: भिंतीवरच्या देखाव्यासाठी प्रोजेक्टरची तयारी

पुण्यातल्या आमच्या पेठेतल्या मंडळाने गणपतीत पानशेतच्या पुराचा देखावा करायचं ठरवलं तेव्हा पडदा लावायचा नाही हे पहिल्याच बैठकीत पक्कं झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. ज्या वाड्याच्या भिंतीला ते पाणी लागलं, त्याच भिंतीवर ते दाखवायचं होतं. वाड्यातल्या आजी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. दरवाज्याशेजारच्या कोनाड्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ह्याच्या वर हातभर. तिथवर होतं बघ पाणी." भिंतीवर आमची रेघ त्यांनी दाखवलेल्या जागीच पडायला हवी होती आणि डावीकडून उजवीकडे अगदी पाण्यासारखी आडवी हवी होती. पुढची तयारी त्या एका रेघेसाठी शिकलो. यंदा कुणी भिंतीवर काही दाखवणार असेल तर याच क्रमाने जा.

प्रोजेक्टर ठरवण्याआधी टेप घेऊन बोळ मोजा. आधी भाड्याने आणायचा आणि मग जागा शोधायची, ही चूक बहुतेक मंडळं करतात. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो असतो, म्हणजे भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. आमचा बोळ १८ फुटांचा. रेशो १.५ असलेला नेहमीचा प्रोजेक्टर तिथे फक्त १२ फूट रुंद चित्र देतो. आम्हाला २४ फूट हवं होतं, म्हणजे ०.७५ किंवा त्याहून कमी रेशोचा शॉर्ट थ्रो लागणार हे कागदावरच कळलं. उजेडाचा हिशेबही तेव्हाच करा. २४ फूट रुंद आणि साडेतेरा फूट उंच चित्र म्हणजे साधारण ३० चौरस मीटर. ६००० ल्युमेन्स त्यावर पसरले की चौरस मीटरला २०० उरतात. रुंदी दुप्पट केली की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. शिवाय वाड्याचा खालचा भाग काळ्या दगडाचा, वरचा विटांचा. दगड उजेड गिळतो आणि विटा निळा रंग शोषून घेतात. आम्ही पाणी निळं ठेवलंच नाही, गढूळ मातकट केलं. पुराचं पाणी तसंच तर होतं. समोरचा पथदिवा आणि बाजूच्या मंडपाची रोषणाई यांच्याबद्दलही आताच बोलून घ्या. ऐन दिवशी कुणी माळा बंद करत नाही.

आता प्रोजेक्टर कुठे बसेल ते पाहा. चित्र वाकडं का होतं हे एकदा नीट समजलं की निम्मी कामं आपोआप टळतात. प्रोजेक्टर वर कलवला की वरची कड लेन्सपासून लांब जाते, तिथला उजेड जास्त फाकतो आणि चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. बाजूने तिरका मारला तर हेच आडवं घडतं. म्हणून लेन्सचं तोंड भिंतीशी काटकोनात हवं. नजरेच्या अंदाजाने नव्हे, मोजून. भिंतीवर चित्राची दोन टोकं जिथे येणार तिथून लेन्सपर्यंत दोरी ताणा. प्रोजेक्टर चित्राच्या मधोमध असेल तर दोन्ही दोऱ्या सारख्या भरतात. उंचीच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक प्रोजेक्टर टेबलावर सपाट ठेवले की चित्र लेन्सच्या पातळीपासून वर फेकतात. ते दोष नाही, रचनाच तशी असते. आमची जागा समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरची गॅलरी होती आणि चित्र खाली रस्त्यापर्यंत उतरवायचं होतं. तिथे प्रोजेक्टर खाली कलवण्याऐवजी उलटा टांगला आणि मेनूत सीलिंग मोड लावला. चित्र आपसूक खाली उतरलं, कडा समांतर राहिल्या. लेन्स शिफ्ट असलेला प्रोजेक्टर मिळत असेल तर थोडं भाडं जास्त देऊन तोच घ्या. त्यात लेन्सच सरकते, त्यामुळे चित्र हलतं पण एकही बिंदू (पिक्सेल) वाया जात नाही.

गॅलरी दुसऱ्याची असेल तर त्या घरच्या काकूंना आधी विचारा, दहा दिवसांसाठी विचारा आणि पंख्याचा आवाज किती येईल तेही सांगा.

स्टँडबद्दल मी मुद्दाम जास्त लिहितोय. एका वर्षी आम्ही प्रोजेक्टर मंडपाच्या बांबूंना बांधला होता. दुपारी सगळं जुळवलं, संध्याकाळी ढोल-ताशा पथक बोळातून गेलं आणि खिडक्यांवर बसवलेली चित्रं खिडक्या सोडून नाचायला लागली. त्यात ऑटो कीस्टोन, म्हणजे वाकडं चित्र आपोआप चौकोनी करणारी सोय, चालू राहिला होता, त्यामुळे प्रत्येक हादऱ्याला प्रोजेक्टर आपल्या मनाने चित्र नव्याने आवळत होता. समोर लोक उभे होते आणि आम्हाला देखावा बंद करावा लागला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रोजेक्टरचा आधार मंडपापासून, स्टेजपासून आणि स्पीकरपासून वेगळा असतो. जमिनीवरचा स्टँड असेल तर पायांवर वाळूच्या पिशव्या टाका, पायांभोवती फरशीवर खुणा करा, आणि प्रोजेक्टरच्या चारही कोपऱ्यांची जागा पट्टी चिकटवून नोंदवा. तो सरकणारच. परत कुठे आणायचा ते माहीत असलं पाहिजे.

खुणा झाल्या की मेनूत जा. ऑटो कीस्टोन बंद. कीस्टोन आडवा आणि उभा दोन्ही शून्यावर. पिक्चर अस्पेक्ट मूळ किंवा नेटिव्ह, ओव्हरस्कॅन शून्य, डिजिटल झूम बंद. आधीच्या गिऱ्हाइकाने काय करून ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा सरळ फॅक्टरी रीसेट करून मग हे लावलेलं बरं. कीस्टोनचा एवढा राग का, तर तो उजेड वळवत नाही, आतलं चित्र कापून लहान करतो. १९२० बिंदूंची वरची कड पाव भागाने आवळली तर तिथे १४४० बिंदूच चित्राला उरतात. बाकीचे काळे म्हणून राहतात, पण प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो, रात्री भिंतीवर राखाडी पट्टी दिसते. जी काही दुरुस्ती उरेल ती एकाच ठिकाणी करा, सॉफ्टवेअरमध्ये. थोडी प्रोजेक्टरमध्ये आणि थोडी लॅपटॉपवर केली की चित्र दोनदा ताणलं जातं आणि अक्षरं पुसट होतात.

केबलसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक चक्कर होतेच. फुल एचडीसाठी १० मीटरपर्यंत चांगली तांब्याची एचडीएमआय चालते. त्यापुढे फायबरची घ्या, पण तिला दिशा असते. एक टोक लॅपटॉपचं, दुसरं प्रोजेक्टरचं, तसं त्यावर लिहिलेलं असतं. गॅलरीपर्यंत बांधून झाल्यावर उलटी निघाली तर सगळी सोडावी लागते, म्हणून जमिनीवरच लावून पाहा. एक जादा केबल पिशवीत असू द्या. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि साऊंड एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घेतले तर स्पीकरमधली घुंई टळते. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत वीज काढायची नाही. तेवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी यूपीएस ठेवा, कारण वीज सांगून जात नाही.

लॅपटॉपवर विंडोज की आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेट ठेवलं तर तुमचा माउस, मेनू आणि कुणाचा तरी आलेला मेसेज वाड्याच्या भिंतीवर झळकतो. दुसऱ्या स्क्रीनचं रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ आकड्याइतकंच ठेवा, स्केल १०० टक्के. स्लीप, स्क्रीनसेव्हर, नोटिफिकेशन बंद, अपडेट पुढे ढकललेले. चित्रफिती पेनड्राइव्हवरून चालवू नका, लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या.

सॉफ्टवेअर कामाप्रमाणे निवडा. सपाट भिंतीवर एकच आयताकृती फीत दाखवायची आणि प्रोजेक्टर सरळ बसला असेल तर व्हीएलसी पुरतं, उगाच खर्च करू नका. खिडक्या, दरवाजा, कोनाडे यांवर वेगवेगळं बसवायचं असेल तर मॅडमॅपर, हेवीएम किंवा रिझोल्यूम अरिना लागतं. रिझोल्यूमचंच अव्हेन्यू स्वस्त आहे म्हणून घेऊ नका, मॅपिंगची, म्हणजे असं आकारांवर चित्र बसवण्याची, सोय अरिनात आहे. विकत न घेता उघडलं तर चित्रावर त्यांची खूण येते, त्यामुळे सराव त्यावर करा आणि परवान्याचं आधी ठरवा. फुकटात व्हीपीटी आहे, जरा जुन्या वळणाचं, पण आमच्या पोरांनी त्यावरच हात बसवला.

पहिल्या रात्री भिंतीवर देखावा लावायचाच नाही. चौकटींची जाळी आणि मध्ये वर्तुळ असलेलं चाचणीचं चित्र लावा. वर्तुळ अंडाकृती दिसलं तर अस्पेक्ट, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, चुकलाय, कोपरे ओढून ते झाकू नका. मग चार कोपरे भिंतीवरच्या ठरलेल्या जागी ओढा. आयत खरंच आयत झाला का ते गवंड्यासारखं तपासा: समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे. लहान चौकटीसाठी ३, ४, ५ फुटांची दोरी लावून कोपरा गुण्यात आहे का पाहिलं तरी चालतं. कोपरे ओढताना दोन पद्धती मिळतात. पर्स्पेक्टिव्ह पद्धतीत सरळ रेघ सरळच राहते. लिनियरमध्ये चारच बिंदू खूप ओढले की चौकटी असमान ताणल्या जातात, तिरकी रेघ मध्येच मोडते. सपाट भिंतीला पर्स्पेक्टिव्ह. कमान, खांब, फुगलेला गिलावा असेल तिथेच जाळीचे आतले बिंदू हलवायचे, तेही कमीत कमी बिंदू घेऊन.

इथेच आमची रेघ चुकली होती. त्या भिंतीत दगड संपून वीट सुरू होते तिथे एक आडवा पट्टा आहे. पोरांनी चित्र त्या पट्ट्याला आणि खिडक्यांना सुरेख जुळवलं, सगळं चपखल बसलं. पाणी चढलं तेव्हा आजी खुर्चीतून म्हणाल्या, "पाणी कलंडलंय रे." वाडा जुना, त्याचं एक टोक खचलेलं. पाण्याची नळी लावून पाहिली तर तो पट्टा पूर्वेला तीन इंच उतरला होता. भिंतीशी जुळवलेलं सगळं भिंतीसारखंच उतरलं होतं. मग आम्ही दोन थर केले. खिडक्या, दरवाजा, विटा यांचा थर भिंतीला जुळवला, कारण चौकट भिंतीच्या चौकटीशी समांतर नसेल तर डोळ्याला ती खुपते. पाण्याचा थर मात्र पाणसळीला. नळीतल्या पाण्याने भिंतीच्या दोन टोकांना खडूच्या खुणा केल्या, कोनाड्याच्या वर हातभर, आणि पाण्याची वरची कड त्या दोन खुणांतून नेली. तुमच्या देखाव्यात पाणी, क्षितिज, तराजू, होडी असं काही असेल तर हेच करा. घर वाकडं असू शकतं, पाणी नाही.

खिडक्यांचे मास्क, म्हणजे चित्र कुठे दिसावं आणि कुठे झाकावं ते ठरवणारे साचे, काढायची सोपी रीत म्हणजे चित्रकलेचं साधं ॲप प्रोजेक्टरवर पूर्ण स्क्रीन उघडायचं आणि बोळात उभं राहून माउसने थेट भिंतीवरच्या खिडकीच्या कडेने रेघ मारायची. ती फाइल १९२० बाय १०८० मध्ये जतन केली की तोच तुमचा साचा. जिथे माणसं राहतात त्या खिडक्या पूर्ण काळ्या करा. आजींच्या खोलीत रात्री दहापर्यंत उजेड फेकायचा आपल्याला काही अधिकार नाही. कुणाच्या डोळ्यात थेट लेन्सचा झोत जाणार नाही एवढी उंचीही ठेवा. लहान मुलं हमखास वळून बघतात.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर दाखवत. शांबरिक खरोलिका म्हणत त्या खेळाला. कोपरे ओढायला त्यांच्याकडे काही नव्हतं. कंदील सरळ ठेवणं हीच त्यांची दुरुस्ती, आणि म्हणून मी पोरांना आधी दोरी आणि ओळंबा हातात देतो, माउस नंतर.

भाद्रपदात पाऊस गृहीत धरा. वरून ताडपत्री, पण हवा घेण्याच्या आणि सोडण्याच्या जाळ्यांपासून ती हातभर लांब. उजेडावर पावसाळी किडे येतात, फिल्टर दर दोन दिवसांनी उघडून ब्रशने साफ करा. एसीच्या खोलीतून आणलेल्या प्रोजेक्टरच्या लेन्सवर बाहेर दमट हवेत बाष्प धरतं, तासभर आधी बाहेर काढून ठेवा. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नका.

सगळं जुळलं की प्रोजेक्ट फाइल तारीख घालून जतन करा, एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि जुळलेल्या भिंतीचा मोबाइलवर फोटो घ्या. रोज संध्याकाळी सहाला एक जण जबाबदार. त्याने प्रोजेक्टर चालू करून वीस मिनिटं तापू द्यायचा, कारण गरम झाल्यावर फोकस किंचित सरकतो. मग चाचणीची जाळी लावून फोटोशी ताडायची. चित्र हललेलं दिसलं तर आधी प्रोजेक्टर पट्टीच्या खुणांवर आणायचा. सॉफ्टवेअरमधले कोपरे त्यानंतरही फरक उरला तरच धरायचे, नाहीतर दहा दिवसांत दहा दुरुस्त्या एकमेकींवर चढतात आणि मूळ कुठे होतं ते कुणालाच सांगता येत नाही. गौरी विसर्जनानंतर देखावे पाहणाऱ्यांची गर्दी वाढते, तेव्हा बोळात शिरायलाही जागा नसते. त्या दिवसांत ही तपासणी पाचला करा.

शेवटी खडूच्या दोन खुणा पावसात पुसल्या गेल्या आहेत का ते पाहा आणि गेल्या असतील तर नळी घेऊन पुन्हा मारा.