वाडगा रिकामा परत करायचा नसतो

मी निघाले त्या सकाळी यजमानीणबाई पातेलीभर पाणी घेऊन खाली आल्या आणि गाडी हलल्याबरोबर त्यांनी ते मागे रस्त्यावर ओतलं. "सू गिबी गित, सू गिबी गेल." पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. आपल्याकडे हातावर दही ठेवतात आणि 'जाते' म्हणू देत नाहीत, 'येते' म्हण म्हणतात, त्यातलाच प्रकार. मी रडले, साहजिकच. आणि पुढच्या चार महिन्यांत त्यांना दोन मेसेज केले.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याहून तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरला सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून गेले होते. सुट्टीतल्या वर्गात मुलांना इंग्रजी शिकवायचं काम. अर्ज, व्हिसा, बॅगेत काय भरायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. परत आल्यावर काय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. इंडोनेशिया, ट्युनिशिया, जर्मनी, आम्ही दोघी भारतातल्या आणि तिथले तीन-चार विद्यार्थी. पहिले पंधरा दिवस पोर्सुक नदीकाठचे फोटो, 'मिस यू', रडके इमोजी. दिवाळीपर्यंत सगळं थंड. ग्रुप मरतो तो भांडणाने नाही. एकमेकांना विचारण्यासारखं काही उरत नाही म्हणून.

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी तुर्कस्तानच्या दक्षिणेत ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, दुपारी दुसरा, जवळजवळ तेवढाच. एस्किशेहिर तिथून लांब. पण आमच्या वर्गांची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी अंताक्याची. ती एस्किशेहिरला वसतिगृहात, घरचे तिकडे. मेलेला ग्रुप त्या सकाळी जागा झाला. तिला एकटं राहवत नव्हतं, म्हणून आम्ही रात्री पाळीपाळीने तिच्यासोबत फोनवर बसायचो. बोलायचं फारसं नाहीच. ती तुर्की बातम्या लावून बसायची आणि मध्येच आमच्यासाठी एखादं वाक्य इंग्रजीत सांगायची.

तेव्हा मला '-मिश' कळलं. तुर्कीत क्रियापदाला हा प्रत्यय लागला की अर्थ होतो, मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. 'गेल्दी' म्हणजे आला. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. तुर्कीच्या वर्गात हा धडा माझ्या डोक्यावरून गेला होता. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "बुलुनमुश." सापडलेत म्हणे. काका-काकू. पुढचे दोन तास आम्ही त्या 'म्हणे'वर बसून होतो. खरं निघालं. भारताने मदतपथकं आणि लष्कराचं फिरतं रुग्णालय पाठवलं, त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन दोस्त'. 'दोस्त' हा शब्द तुर्कीतही तोच, हे मी तिला सांगायच्या आत तिनेच मला सांगितलं.

तर नवीन जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: भाषा परत आल्यावर शिका. तिथे असताना कामापुरते दहा शब्द पुरतात, मुलं हातवारे करून घेतात. पण नातं टिकवायला भाषाच लागते, आणि मराठी माणसाला ती वाटते तेवढी परकी नाही. क्रियापद शेवटी. प्रत्यय एकापुढे एक चिकटवायचे: 'एव्' म्हणजे घर, 'एव्लेरिमिझ्देन' म्हणजे आमच्या घरांमधून. मावशीला 'तेय्झे' आणि आत्याला 'हाला', इंग्रजीसारखं दोघींना एकाच पिशवीत कोंबत नाहीत. (अनोळखी बाईला 'तेय्झे' म्हणताना जरा वय बघा. शंका असेल तर 'आब्ला', ताई.) मात्र ओळखीचे शब्द दगा देतात. 'हाझर' म्हणजे हजर नव्हे, तयार. 'मिसाफिर' म्हणजे मुसाफर नव्हे, पाहुणा. युनूस एम्रे संस्थेचे ऑनलाइन वर्ग आहेत, मी तिथून सुरुवात केली.

व्याकरणापेक्षा ठरावीक वेळची ठरावीक वाक्यं आधी पाठ करा. काम करणाऱ्याला 'कोलाय गेलसिन', सोपं जावो. जेवण करणाऱ्याला 'एलिनिझे सालुक', तुमच्या हातांना आरोग्य. आजाऱ्याला 'गेच्मिश ओलसुन', सरून जावो. यजमानीणबाईंचे वडील गेल्याचं कळलं तेव्हा मी घाईघाईत हेच शेवटचं पाठवलं. मृत्यूला ते चालत नाही, तिथे 'बाशुनुझ साओलसुन' म्हणतात. त्यांनी रागावून काही लिहिलं नाही, फक्त उत्तरात योग्य वाक्य लिहून पाठवलं, पोरीची वही तपासावी तसं. मला आजही आठवलं की कानकोंडं होतं.

दुसरं, तारीख बांधून घ्या. 'बोलू कधीतरी' म्हणजे कधीच नाही. आम्ही महिन्याचा पहिला रविवार ठरवला, आपले रात्री साडेनऊ. तुर्कस्तान आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे त्यांचे सात. जकार्ताच्या मैत्रिणीचे अकरा वाजतात, ती जांभया देत बसते. याशिवाय २३ एप्रिल चुकवत नाही. १९२० साली त्या दिवशी अंकारात राष्ट्रीय सभा भरली आणि तो दिवस तिकडे मुलांचा सण म्हणून पाळतात. आमच्या वर्गातली दोन पोरं आता हायस्कूलला आहेत, त्या दिवशी तीही फोनवर येतात आणि आमचं तुर्की ऐकून खुशाल हसतात.

एक मात्र जपा. सहा आठवडे राहून 'तुर्की लोक असे असतात' म्हणून सांगत फिरू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक योजनेतली मुलं तिथे दोन-दोन वर्षं राहिली, काही खेड्यांत. त्यांच्यातला हीथ लाउरी बालिकेसिरकडच्या एका खेड्यात होता, पुढे तो उस्मानी म्हणजे ऑटोमन इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला. त्या परतलेल्यांनी आपल्या मंडळाचं नाव ठेवलं 'आर्कादाशलार', मित्रमंडळी. 'आर्का' म्हणजे पाठ. पाठीराखे म्हणा हवं तर. त्यांच्यापुढे आपण पाहुणेच.

आता वाडग्याचं. माझ्या शेवटच्या आठवड्यात मुहर्रम होता. त्या महिन्यात घरोघरी 'आशुरे' शिजतं: गहू, हरभरे, सुकी जर्दाळू, अंजीर, मनुका, वरून अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे. आपली गव्हाची खीरच, पण थंड. वरच्या मजल्यावरच्या आजींनी काचेच्या वाडग्यातून पाठवलं. शेजारचं भांडं तिकडेही रिकामं परत करत नाहीत, आणि भरायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून तो वाडगा टॉवेलात गुंडाळून थेट पुण्याला आला. दीड वर्षानं एका ओळखीच्यांच्या हाती तिळाच्या वड्या भरून परत पाठवला. आजींनी तो त्याच माणसाच्या हाती लेब्लेबीने भरून पाठवला. लेब्लेबी म्हणजे फुटाणे.

फुटाणे दोन दिवसांत संपले. वाडगा ओट्यावर उपडा आहे. सप्टेंबरात कोथरूडचा एक मुलगा तिकडे शिकायला जातोय, त्याच्या बॅगेत किलोभर जागा मी आधीच मागून ठेवली आहे.