आजाराविषयीच्या प्रश्नावलीचा मराठी अनुवाद पडताळताना या चुका टाळा

मधुमेह, दमा, संधिवात अशा वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आजाराकडे रुग्ण स्वतः कसा पाहतो, हे जाणून घेण्यासाठी २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘ब्रीफ इलनेस परसेप्शन क्वेश्चनेअर’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली अनेक संशोधक निवडतात. पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरे ० ते १० या मापावर द्यायची असतात. नवव्यात रुग्णाने आजाराची तीन प्रमुख कारणे सांगायची असतात. प्रश्न मोजकेच असल्यामुळे अनुवादाची पडताळणीही झटपट उरकता येईल असे वाटते, आणि तिथेच घोटाळा होतो.

सर्वांत फसवी चूक म्हणजे केवळ उलट अनुवादावर, म्हणजे मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडण्यावर, विसंबणे. ‘आजाराचा तुमच्यावर भावनिकदृष्ट्या किती परिणाम होतो?’ हे वाक्य इंग्रजीत परत नेले की मुळाशी तंतोतंत जुळते, कारण ते इंग्रजीच्याच साच्यात घडवलेले असते. रुग्ण मात्र ‘भावनिकदृष्ट्या’पाशी अडखळतो. ‘नियंत्रण’ या शब्दाचा धोका तर अधिक आहे, कारण मधुमेही रुग्णाच्या कानावर ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे का’ हा प्रश्न सतत पडत असतो आणि तो आपल्या मताऐवजी मागच्या रिपोर्टवरून उत्तर देऊ शकतो. ‘हा आजार आटोक्यात ठेवणे तुमच्या हातात किती आहे, असे तुम्हाला वाटते?’ ही रचना मला अधिक प्रामाणिक वाटते. तरीही निर्णय रुग्णांनीच द्यावा: वेगवेगळ्या वयांच्या, शिक्षणाच्या आणि बोलींच्या रुग्णांना प्रश्न वाचून दाखवावा आणि त्यातून काय विचारले आहे, ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे.

मापाची दिशाही समजावून सांगावी लागते. शाळेच्या सवयीने दहापैकी दहा म्हणजे उत्तम, असे आपण धरून चालतो; इथे मात्र बहुतेक प्रश्नांत १० म्हणजे त्रास अधिक, तर तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या प्रश्नांत ते अनुकूल मताचे चिन्ह असते. एकूण गुण काढताना हे तीन प्रश्न उलटे करायचे राहिले, तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

आकडेमोडीत क्रॉनबाख अल्फाचा, म्हणजे सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी किती मेळ खातात हे दाखवणाऱ्या आकड्याचा, आग्रह घातक ठरतो. आठही प्रश्न आजाराच्या वेगवेगळ्या बाजू तपासतात, म्हणून अल्फा कमी येणे हा अनुवादाचा दोष ठरत नाही, आणि तो वाढवण्यासाठी उपचारांवरील विश्वासाचा प्रश्न गाळणे म्हणजे रुग्णाचे म्हणणेच खोडून टाकणे होय. त्यापेक्षा त्याच रुग्णांना साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा विचारावे. मधल्या काळात उपचार बदललेले नाहीत आणि समुपदेशनही झालेले नाही, याची खात्री करावी आणि दोन्ही वेळचे गुण सोबत चढतात-उतरतात का एवढेच सांगणाऱ्या पिअर्सन सहसंबंधावर न थांबता, ते प्रत्यक्षात किती जुळतात हे मोजणारा अंतर्वर्गीय सहसंबंध गुणांक काढावा, कारण सर्वांचेच गुण सारखे सरकले तरी पिअर्सनला ते दिसत नाही. ‘आजार किती काळ राहील?’ याला बहुतेक मधुमेहींनी १० दिले, तर लगेच भाषांतराला दोष देऊ नये. त्यांना ते खरोखरच तसे वाटत असते.

नववा प्रश्न डॉक्टरांच्या समोर विचारू नये. तिथे ‘गोड खाणे’ आणि ‘आनुवंशिकता’ अशी अपेक्षित उत्तरे येतात. प्रारब्ध, नजर लागणे, घरातले टेन्शन ही कारणे रुग्ण गिळून टाकतो. जे सांगितले ते आधी जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि वर्गवारी नंतर दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे करावी.