धुऱ्यावर फवारा मारू नका, भुंगा वर आलाय

दोन चांगले पाऊस झाले की धुऱ्यावरचं, पांदणीच्या कडेचं गाजर गवत (काँग्रेस गवत) बघता बघता गुडघ्याला लागतं. त्याचं पान उलटून बघा. खाली बारीक पिवळी अंडी, शेंड्यात पिवळसर अळ्या, आणि मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वाकड्यातिकड्या रेघा असलेला भुंगा दिसला तर पंप खाली ठेवा. हा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, तपासून पुढं सोडला. अळी अन् भुंगा दोन्ही पानं खातात, झाड कोवळं असेल तर फूलच येत नाही.

पण दरवर्षी तेच. कपाशीवर फवारणी झाली की पंपात उरलेलं दोन-चार लिटर औषध धुऱ्यावर मारून मोकळं व्हायचं. त्यानं गवत मरत नाही, भुंगा मात्र मरतो, मग गवत फुलावर येतं आणि त्यावरचा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) कडेच्या ओळींपासून कपाशीत शिरतो. आमच्या शेजाऱ्याच्या कडेच्या चार ओळी अशाच चिकट काळ्या पडलेल्या, अन् दुकानदारानं वर आणखी दोन बाटल्या दिल्या त्याला. गाजर गवताच्या एका झाडाला हजारोंनी बी येतं राव, बाटल्या किती पुरणार!

भुंगा नसेल तर आणा. शिफारस हेक्टरी ५०० भुंग्यांची आहे. विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही, रस्त्याकडेला जिथं गवताची चाळण झालेली दिसेल तिथून गोळा करा, प्लास्टिकच्या डब्यात गवताचे शेंडे टाका, तोंडाला फडकं बांधा. माझा अंदाज, पाऊस उघडल्यावर सकाळी एकाच दाट पट्ट्यात सोडले तर टिकतात, शेतभर विखुरले की हरवतात.

बाकीची कामं:
- पिकातलं गवत फुलाआधी मुळासकट उपटा, हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते
- फूल आलेलं उकिरड्यात टाकू नका
- मोकळ्या जागी तरोट्याचं बी फेका, तो गाजर गवताला दाबतो

हा भुंगा सूर्यफूल खातो म्हणून मागं ओरड झाली होती, पण चौकशीत पिकाला धोका निघाला नाही, तेव्हा घाबरून फवारा मारू नका.

थंडीत भुंगा दिसेनासा होईल, मेला समजू नका, तिथंच जमिनीत जाऊन बसतो. तेवढा तुकडा उन्हाळ्यात जेसीबीनं कोरू नका, पुढच्या पावसाला तिथूनच वर येतो.