सेल्समध्ये घुसायचंय ना, मग आधी परचेसवाल्या काकांकडे जाऊन बसा

मागच्या रविवारी मावशीचा मुलगा घरी आला, बीकॉम होऊन तीन महिने झालेत, नोकरी शोधतोय. म्हणे दादा मला कॉर्पोरेट सेल्समध्ये जायचंय पण जिथे तिथे एक्सपिरियन्स मागतात. मी स्वतः नाशिकच्या सातपूर अंबड एमआयडीसीतल्या कंपन्यांना माल विकत बरीच वर्षं काढलीत, तर त्याला चहाच्या दोन राउंडमध्ये जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कुणाच्या कामी आलं तर बरं.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे कुणी "मार्केटिंगला आहे" म्हटलं की त्यात सगळंच येतं, क्रेडिट कार्डाचे फोन करणारा, दारोदार वॉटर प्युरिफायर विकणारा आणि एखाद्या प्लांटला वर्षाचे बेअरिंग पुरवणारा, सगळे मार्केटिंगवालेच. कॉर्पोरेट सेल्स म्हणजे कंपनीने कंपनीला विकणं. समोरचा माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही, तो कंपनीचे पैसे खर्च करतो आणि त्याला वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं, कारण मग तुम्ही गोड बोलून पटवायच्या मागे लागत नाही, त्याला साहेबांसमोर दाखवायला कागद कसा नीट देता येईल ते बघता.

म्हणून माझा पहिला सल्ला कोर्सबिर्स करण्याचा नाहीच. नाशिकमध्ये प्रत्येकाच्या नात्यात नाहीतर सोसायटीत कुणीतरी सातपूर, अंबड, सिन्नर नाहीतर गोंद्याच्या कंपनीत परचेस (खरेदी) किंवा स्टोअरला असतंच. ते काका शोधा, दोन रविवार त्यांच्याकडे जाऊन बसा आणि एकच विचारा, काका तुम्ही वस्तू घेता कशी?

माझ्या बाबतीत ते मामा होते. मी नवीन असताना त्यांनी मला एका कागदावर रेघा मारून दाखवलं होतं, डावीकडे वस्तू, वर माल विकणाऱ्या तीन पार्ट्यांची नावं, खाली रेट. याला ते कम्पॅरेटिव्ह म्हणतात. सगळ्यात स्वस्त तो एल-वन. मी म्हटलं मग एल-वनलाच ऑर्डर? तर हसले, म्हणाले बघ, याने रेट कमी दिलाय पण फ्रेट (वाहतूक खर्च) कुणाचा ते लिहिलं नाही, जीएसटी धरून आहे का वरून ते लिहिलं नाही, आता मी त्याला फोन करू, विचारू, परत मेल मागवू, तेवढ्यात शॉपवाला (कारखान्यात मशीनवर काम करून घेणारा) माझ्या डोक्यावर बसलाय की माल कधी येणार. दुसऱ्याचा रेट थोडा जास्त, पण त्याचं कोटेशन बघ. त्यात एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर) होता, जीएसटी १८ टक्के एक्स्ट्रा असं स्पष्ट होतं, डिलिव्हरी पीओ (परचेस ऑर्डर) मिळाल्यापासून दोन आठवडे, पेमेंट ३० दिवस, कोटेशन किती दिवस चालेल ते पण. ऑर्डर त्यालाच गेली. मला त्या एका कागदाने जे शिकवलं ते नंतर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

काकांकडून अजून दोन तीन गोष्टी काढून घ्या. आरएफक्यू (कोटेशन मागवणारं पत्र) म्हणजे काय, व्हेंडर कोड (कंपनीच्या यादीतला पुरवठादाराचा नंबर) कसा मिळतो, त्यासाठी जीएसटी सर्टिफिकेट, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं) सर्टिफिकेट असली कागदं कशी लागतात, माल गेटवर आला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होईपर्यंत काय काय होतं. आणि पेमेंट. माल देऊन झाला की सेल्सवाल्याचं काम संपत नाही, पैसे आणायला पण त्यालाच पाठवतात. एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात छोट्या उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत करायला सांगितलंय, प्रत्यक्षात काय होतं ते काकाच सांगतील.

आता नोकरी कुठे शोधायची. सगळे नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर अप्लाय करून बसतात, ते करा, पण फ्रेशरला खरा दरवाजा डीलरचा आहे. मोठ्या ब्रँडच्या बेअरिंग, न्यूमॅटिक, स्विचगिअर, कटिंग टूल, पंप या सगळ्यांचे डीलर सातपूर अंबडमध्ये बसलेत. पाच ते पंधरा माणसांचं ऑफिस, मालक स्वतः केबिनमध्ये, आणि त्यांना कायम एक पोरगा हवा असतो. जाहिरात बऱ्याचदा देतच नाहीत, एकमेकांना विचारून घेतात. हे डीलर शोधायचे कसे तर सोपं आहे, ब्रँडच्या वेबसाइटवर डीलर लोकेटर असतो तिथे नाशिक टाका, नाहीतर इंडियामार्टवर बघा. ४० नावांची एक्सेल शीट करा, नाव, काय विकतात, पत्ता, कधी गेलो, कोण भेटलं, परत कधी जायचं. ही शीटच पुढे इंटरव्ह्यूमध्ये दाखवायची आहे, का ते सांगतो खाली. दीड दोन वर्षं डीलरकडे काढली की ब्रँडवाली कंपनी स्वतःच उचलते कारण तुम्हाला एरियातली सगळी गेट माहिती असतात. असं कितीतरी जणांचं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

डिप्लोमा किंवा बीई असेल तर सेल्स इंजिनिअर म्हणून अप्लाय करा. बीकॉम बीए असेल तर सेल्स कोऑर्डिनेटर ही पोस्ट बघा, मुलं याला ऑफिसकाम म्हणून नाक मुरडतात, माझ्या मते ती सगळ्यात भारी सुरुवात आहे. दिवसभर कोटेशन बनवायची, पीओ तपासायचे, कस्टमरचे फोन घ्यायचे, वर्षभरात कोण काय घेतो ते पाठ होतं. एक्सेल बऱ्यापैकी आणि टॅली थोडं आलं पाहिजे. सॉफ्टवेअर विकायचं असेल तर इनसाइड सेल्सचे (ऑफिसात बसून फोन-मेलवर विकायचे) जॉब पुण्यातले जास्त, काही घरून पण असतात, तिथे इंग्लिश बोलणं लागतं आणि सीआरएम (कस्टमरची नोंद आणि फॉलोअप ठेवायचं सॉफ्टवेअर) माहिती असला तर बरं. झोहो सीआरएमचं फ्री व्हर्जन आहे तीन युजरपर्यंत, तुमची ४० नावांची शीट त्यात भरा, खेळून बघा. हबस्पॉटचे कोर्स पण फुकट आहेत, सर्टिफिकेटला फार कुणी विचारत नाही पण शब्द कळतात.

निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटनांची इंडस्ट्रियल प्रदर्शनं भरतात तिथे नक्की जा. पहिल्या दिवशी नका जाऊ, उद्घाटनाच्या गडबडीत कुणी बोलत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी जा, स्टॉलवाले पाय दुखून बसलेले असतात, बोलायला माणूस मिळाला की बरं वाटतं त्यांना. कॅटलॉग मागा, वस्तू काय काम करते ते विचारा, आणि मग सांगा की सर मी सेल्समध्ये काम शोधतोय.

रेझ्युमे एक पानाचा. हार्डवर्किंग, टीम प्लेयर, क्विक लर्नर हे तिन्ही शब्द काढून टाका, आजवर कुणी आळशी असं लिहून दिलेलं नाही. त्याऐवजी तुम्ही आयुष्यात काय विकलंय ते आठवा. मावसभाऊ म्हणाला मी काहीच विकलं नाही. मी म्हटलं गणपती मंडळाच्या अहवालाला जाहिराती कोण आणतं? तोच. मग लिही ना, इतकी दुकानं फिरलो, इतक्या जाहिराती मिळाल्या, एवढी रक्कम जमा केली, त्यातले गेल्या वर्षीचे इतके परत आले. दिंडोरी निफाडकडची पोरं सीझनला मुंबई पुण्याच्या सोसायट्यांमध्ये द्राक्षांच्या पेट्या डायरेक्ट विकतात, सेक्रेटरीला पटवून गेटच्या आत टेम्पो लावायची परवानगी घेतात, आणि रेझ्युमेवर छंद म्हणून क्रिकेट लिहितात! अरे ते सेक्रेटरीचं लिहा. आकडे मात्र खरे टाका, सेल्सचा माणूस दोन प्रश्नांत खोटं पकडतो.

डीलरकडे जाताना सकाळी साडेदहा ते बारा बरं. सोमवारी सकाळी नको. बोलायचं एवढंच, "नमस्कार सर, मी नाशिकरोडला राहतो, बीकॉम झालंय, तुम्ही अमुक ब्रँडचे डीलर आहात ते बघून आलोय, मला सेल्स शिकायचंय, दोन मिनिटं मिळतील का?" नाही म्हणाले तर रेझ्युमे ठेवा, आणि कधी परत येऊ ते विचारून ते सांगतील त्या दिवशी परत जा. मला पहिली नोकरी चौथ्या चकरेत मिळाली, मालक म्हणाला पेमेंट आणायला असाच माणूस पाहिजे :)

इंटरव्ह्यूचं फार टेन्शन घेऊ नका. हा पेन विका असं म्हणाले तर पेनचं कौतुक सुरू न करता आधी विचारा, सर तुमच्याकडे महिन्याला किती लागतात, सध्या कुठून घेता, काय अडचण येते. आणि ती एक्सेल शीट काढून दाखवा, की सर मी या ४० ठिकाणांना असा फॉलोअप केलाय, तुमचा नंबर तेविसावा. फ्रेशरकडे फॉलोअपचा याहून मोठा पुरावा नसतो. मग तुमचे प्रश्न विचारा, लीड (संभाव्य कस्टमर) कंपनी देणार का मी शोधायच्या, एक ऑर्डर साधारण केवढ्याची असते, चौकशीपासून पीओपर्यंत किती दिवस जातात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या आधीचा माणूस का सोडून गेला. उत्तर देताना समोरचा खुर्चीत सरकला तर काय ते समजून घ्या. फायनल राउंड ठाण्या मुंबईला असेल आणि पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर वेळ दुपारी बारानंतरची मागा, गाडी लेट झाली तर घामाघूम होऊन पोचण्यात अर्थ नाही.

पगाराचं गणित. तीन लाखाचं पॅकेज ऐकून पेढे वाटू नका. समजा त्यातले ६० हजार व्हेरिएबल आहेत, म्हणजे टार्गेट झालं तर. राहिले २,४०,०००, महिन्याचे २०,०००. त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, वर तुमचा कापला जातो, समजा दोन्ही मिळून ३,६००, व्यवसाय कर २००. हातात १६,२००. आता पेट्रोल. नाशिकहून सिन्नर एका बाजूला ३० किलोमीटर आहे, आठवड्यातून तीन वेळा गेलात तर गाडीचं पण वय होतं. म्हणून किलोमीटरला किती देणार आणि कधी देणार हे लेखी घ्या. "ते आपण बघू" हे उत्तर नाही. इन्सेंटिव्ह ऑर्डरवर मिळतो का पेमेंट आल्यावर हे पण विचारा, बहुतेक ठिकाणी पेमेंट आल्यावर असतो आणि नवीन पोरांना ते दिवाळीला कळतं.

फसवाफसवीबद्दल बोलायलाच पाहिजे कारण मी स्वतः गंडलोय. कॉलेज झाल्या झाल्या एका ठिकाणी असिस्टंट मार्केटिंग मॅनेजर म्हणून बोलावलं, एसी ऑफिस, टाय घातलेली पोरं, आणि ट्रेनिंग किटचे १,५०० रुपये भरा म्हणाले. भरले. किटमध्ये एक फाइल, एक पेन आणि खाली अजून तीन माणसं जोडायचा फॉर्म. आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही. नोकरीसाठी पैसे मागितले की उठून यायचं, डिपॉझिट असो, किट असो, युनिफॉर्म असो. आणि जायच्या आधी कंपनीचा जीएसटी नंबर मिळाला तर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, आकडे आणि अक्षरं मिळून १५ असतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, नाव, पत्ता आणि रजिस्ट्रेशन चालू आहे का ते फुकट दिसतं. हीच सवय पुढे उधारीवर माल देताना कामी येते.

ऑफर लेटर हातात आलं की बॉन्ड आणि नोटीस पिरियड वाचा, ओरिजिनल मार्कशीट कुणाकडे जमा करू नका. आणि जॉइन व्हायच्या आधी सेफ्टी शूज घेऊन ठेवा. मी पहिल्याच आठवड्यात कडक इस्त्री करून एका प्लांटला गेलो, परचेस साहेबांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळालेली, वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, पास बनवला आणि मग खाली बघितलं. पॉलिश केलेले काळे फॉर्मल बूट. "शॉपमधून जावं लागतं, हे चालणार नाहीत." गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत साहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तेव्हापासून शूज डिकीत असतात, आणि आधार कार्डाची एक झेरॉक्स पण.